चावीचं घड्याळ

अंबडच्या बाजारात विजेच्या सामानाची दुकानं आता चिक्कार झाली आहेत. पण बल्ब आणायला जाऊन वर विजेचा धडा ऐकून यायचा, असं दुकान एकच होतं, आणि ते दीपचंदशेठचं. गिऱ्हाईक मागायचं साधं होल्डर. शेठ विचारायचे, कुठं लावायचंय, त्या बोर्डावर आधीचा लोड किती, वायर कुठली टाकलीय. गिऱ्हाईक कावायचं. बसस्टँडसमोरच्या दुकानात पैसे टाकले की होल्डर मिळतं, इथं मुलाखत द्यावी लागते. तरी लोक शेठकडेच यायचे, कारण शेठनी दिलेली वस्तू परत आणावी लागत नसे.

शेजारचं दुकान पाशामियाँचं, मोटार वाइंडिंगचं. दोघांच्या मध्ये एक पत्रा. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसत बसलेल्या पाशामियाँना पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. शेठचे धडे त्यांना इतके पाठ झाले होते की शेठ जेवायला गेले की गिऱ्हाइकाला तेच शिकवायचे. चुकीचं शिकवायचे, असं शेठचं म्हणणं.

"ठिबक हाय ना तुमच्या मोसंबीला?" शेठची सुरुवात ठरलेली. "मंग बगा. टाकी जेवढी उंच, तेवढा पाण्याला दाब. तो दाब म्हंजे व्होल्टेज. नळीतून वाहून राह्यलं ते पाणी म्हंजे करंट. नळी बारीक असली, मधी गाळ आडकला, तर पाणी आडतं. तो रेझिस्टन्स."

शेतकरी मान हलवायचा. बिचाऱ्याला वाटायचं, सुटलो. पण शेठना खरं बोलायचं असायचं ते यापुढेच.

"पण एक फरक हाय बरं का. पाणी झाडाच्या बुडात गेलं की गेलं. करंटाचं तसं न्हाई. तो फेजमधून निघतो, बल्बातून जातो आन् न्यूट्रलमधून माघारी येतो. माघारी यायची वाट नसंल तर तो निघतच न्हाई. ह्या सगळ्या चकरीला सर्किट म्हणत्यात."

शेठ कधी चिडत नसत. एका गोष्टीवर मात्र त्यांचं डोकं फिरायचं. आपल्याकडे बल्ब गेला तरी "शॉर्ट झालं", मोटार बसली तरी "शॉर्ट झालं", पंख्याने घरघर केली तरी "शॉर्टच आसंल". शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहायचे. "आरे बाबा, शॉर्ट म्हंजे करंटाला मधूनच जवळची वाट घावली! मंग तो आडवा-तिडवा पळतो, तार तापती, फ्यूज उडतो. तुझ्या बल्बातली तार तुटलीय. वाटच तुटली. ह्याला ओपन म्हणत्यात, ओपन!" पत्र्यापलीकडून पाशामियाँ ओरडायचे, "शेठ, उसका छोड, तूच शॉर्ट होशील!"

शेठच्या दुकानात एक लाकडी पाटी होती. तिच्यावर एक होल्डर, एक बल्ब आणि दोन मोकळ्या तारा. तिला सिरीज बोर्ड म्हणतात. ज्या वस्तूची तपासणी करायची, तिला त्या दोन तारा लावायच्या. वस्तूतली वाट शाबूत असेल तर पाटीवरचा बल्ब लागतो, तुटलेली असेल तर लागत नाही. ही पाटी पलकची. पलक म्हणजे शेठची मुलगी. एकुलती एक, आणि लग्नानंतर फार उशिरा झालेली, म्हणून तिचं कोडकौतुक दोन्ही दुकानांत व्हायचं. शाळा सुटली की ती दप्तर टाकून स्टुलावर चढायची आणि गिऱ्हाइकाचं सामान तपासून द्यायची. बल्ब लागला की तिचा चेहरा असा व्हायचा, जसा काही तो तिनेच बनवला आहे. पाशामियाँ दुरुस्त झालेली मोटारसुद्धा तिच्याकडून पास करून घ्यायचे. "चाचा, वाट बराबर आहे," ती सांगायची, तेव्हा मोटार गिऱ्हाइकाच्या गाडीत चढायची.

बारावीला विज्ञानात पलकला चांगले गुण पडले. शेठ गावभर सांगत सुटले की पोरगी इंजिनेर होणार. संतोषबाई, म्हणजे शेठच्या मालकीण, काही बोलल्या नाहीत. त्यांना घरातलं वारं आधी कळलं होतं. त्या वर्षी अंबडच्या जैन स्थानकात साध्वींचा चातुर्मास होता आणि पलक रोज सकाळी प्रवचनाला जाऊन बसत होती. मग एके दिवशी जेवताना तिने सांगितलं, मला दीक्षा घ्यायची आहे.

शेठ हसले. मग ओरडले. मग कित्येक महिने बोललेच नाहीत. दुकानात येऊन बसायचे, आणि गिऱ्हाइकाने होल्डर मागितलं तर मुकाट होल्डर द्यायचे. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एकदा पाशामियाँ पत्र्याला वळसा घालून आले आणि समोर बसले. शेठ म्हणाले, "पाशा, त्यांच्यात दिवा लावायचा न्हाई, पंखा न्हाई, गाडी न्हाई, फोन न्हाई. वीज म्हंजे त्यांना जीव. आग्नीतला जीव. बटन दाबलं की ते जीव मरत्यात. माझी पोरगी, पाशा. करंटाच्या दुकानात वाढलेली." पाशामियाँनी चहा सांगितला. शेठनी शेवटी दीक्षेसाठी घरच्यांनी द्यायची आज्ञा दिली, कारण पोरीचा निश्चय त्यांच्यापेक्षा जबर निघाला.

दीक्षा मोठ्या थाटात झाली. केस गेले, रंगीत कपडे गेले, नावही गेलं. पलकची उपशमश्री झाली. पांढरी वस्त्रं, तोंडावर मुहपत्तीची पट्टी, हातात ओघ्याचा लोकरी कुंचा, पायात काही नाही. जाताना ती बापाला "श्रावकजी" म्हणाली. आता तिला सगळेच श्रावक सारखे. शेठनी हात जोडले. पाशामियाँ मांडवाच्या कडेला उभे होते. त्यांना एकदम आठवलं की पोरगी आता परत कधी मोटार पास करणार नाही, आणि त्यांना रडू आवरेना.

त्यानंतर शेठ बदलले म्हणावं तर बदलले नाहीत. धडे पुन्हा सुरू झाले. पण वैशाखात, ऊन मी म्हणत असताना, मध्येच उठून पंख्याचं बटन बंद करायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, शेठ, मारता का काय? शेठ म्हणायचे, "थोडा येळ." मग पुन्हा लावायचे. पाशामियाँना कळायचं. कुठल्या तरी तापलेल्या सडकेवरून पोरगी अनवाणी चालली असेल, हे त्या माणसाला बसल्या जागी सोसत नसे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. साध्वी गोचरीला, म्हणजे घरोघर आहार घ्यायला येतात, तेव्हा देणाऱ्याच्या अंगावर विजेची वस्तू चालत नाही. खिशात मोबाईल असला, मनगटावर सेलचं घड्याळ असलं, देता देता चुकून बटनाला हात लागला, की त्या हातचं अन्न असूझतं. त्या घेत नाहीत, पुढच्या घरी जातात. जैनांच्या घरात लहान पोरांनाही हे ठाऊक असतं. महाराजसाब आल्या की चालू आहे ते चालू, बंद आहे ते बंद, कुणी भिंतीकडे जायचं नाही. शेठनी दीक्षेनंतर सेलचं घड्याळ काढून टाकलं आणि वडिलांचं जुनं चावीचं घड्याळ घातलं. रोज सकाळी दुकान उघडल्यावर ते चावी द्यायचे. पाशामियाँ चेष्टा करायचे, "इलेक्ट्रिकच्या शेठच्या हातात बिनबॅटरीचं घड्याळ, क्या बात है!" शेठ म्हणायचे, "काय सांगावं. कधी दारात येतील."

त्यांना एवढंच हवं होतं. पोरीने एकदा घरच्या दारात यावं आणि त्यांच्या हातची एक रोटी तिच्या पातऱ्यात पडावी. दर्शनाला ते जायचे. बीडला गेले, एकदा पार कर्नाटकात जाऊन आले. पण तिथं वंदना करायची, दुरून सुखसाता विचारायची आणि यायचं. घरचं दार ते घरचं दार. आणि साध्वींचा पाय काही अंबडकडे वळत नव्हता.

यंदा वळला. चातुर्मास जालन्याला ठरला आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर पुढचा पायी विहार अंबडवरून करायचं ठरलं. ही बातमी आली त्या दिवशी शेठनी पाशामियाँना पेढा दिला आणि एका शेतकऱ्याला एवढा मोठा धडा शिकवला की त्याची बस चुकली.

दसरा झाला आणि शेठ दुकानात पडले.

सिरीज बोर्डावर इस्त्री तपासत होते. पाशामियाँना आवाज आला तो स्टूल पडल्याचा. धावत गेले तर शेठ जमिनीवर, डोळे उघडे, आणि क्षणभराने म्हणतात, "काय झालं? तू इकडं कामून आलास?" आधी वाटलं शॉक बसला. पण शॉक नव्हता. संतोषबाईंना कळवून पाशामियाँनी त्यांना गाडीत घातलं आणि जालन्याला नेलं.

डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. म्हणाले, हृदयाच्या वरच्या कप्प्यात विजेचा एक इशारा तयार होतो, तो मधल्या वाटेने खाली जातो आणि ठोका पडतो. तुमची मधली वाट तुटली आहे. वरचं काम चालू आहे, पण खाली काही पोचत नाही. खालचा कप्पा आपल्या मनाने हळूहळू चालतोय. तो मध्ये मध्ये थांबतो, तेव्हा तुम्ही पडता.

शेठचा चेहरा उजळला. खरंच उजळला, पाशामियाँनी पाहिलं. "म्हंजे वरून सप्लाय हाय, खाली लोडला पोचत न्हाई. ओपन झालंय!"

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "संभाजीनगरला पेसमेकर बसवून घ्या. आज-उद्या. छातीत कातडीखाली छोटीशी डबी असते, तिची तार हृदयात सोडतात. बॅटरी वर्षानुवर्षं चालते."

बॅटरी म्हटल्यावर शेठ गप्प झाले. डॉक्टर बोलत राहिले, पण शेठनी पुढे एक शब्द विचारला नाही. ज्या माणसाने होल्डर विकताना शंभर प्रश्न विचारले, त्याने स्वतःच्या काळजाचा एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाले, "दिवाळी तोंडावर हाय. लायटिंगच्या माळांचा सीझन. दिवाळी होऊ द्या, मंग बघू." डॉक्टर रागावले. म्हणाले, सीझन जीवापेक्षा मोठा आहे का? शेठ हात जोडून उठले.

बाहेर लिंबाखाली पाशामियाँनी त्यांना धरलं. "शेठ, माळांची बात मला सांगू नको. मी तुला वळखतो. सच बोल."

शेठनी उजव्या हाताने डाव्या मनगटावरचं घड्याळ चाचपलं. "सेलचं घड्याळ काढून ठेवता आलं, पाशा. छातीतली बॅटरी कुठं काढून ठेवू? पोरगी इतक्या वर्षांनी दारात येणार, आन् मी कोपऱ्यात उभं राहून बघायचं? संतोष रोटी देणार आन् मी बघायचं?"

पाशामियाँ थक्क झाले. "आरे, मंग विचार ना त्यांना! इथंच तर हायत, जालन्यात. दोन गल्ल्या सोडून. विचार, अशी अशी मशीन हाय, चालंल का?"

"आन् न्हाई म्हणाल्या तर?"

पाशामियाँनी धरलेला त्यांचा हात सोडला.

"आत्तापर्यंत मला न्हाई कुणी म्हणालेलं न्हाई," शेठ म्हणाले. "विचारलं आन् न्हाई म्हणाल्या, तर संपलंच. मंग कशापायी थांबू? पौर्णिमा कुठं लांब हाय. त्या येतील, मी रोटी देईन, दुसऱ्या दिवशी तू मला संभाजीनगरला घालून ने. खरं कारण कुणाला बोलायचं न्हाई. संतोषला न्हाई, तिकडं तर बिलकुल न्हाई. पलकची कसम हाय तुला."

आता या हट्टाला काय म्हणावं? रागवावंसं वाटतं, आणि रागावताही येत नाही. आयुष्यभर लोकांना सांगितलं की हात लावायच्या आधी टेस्टर लावून बघा, अंदाजावर जाऊ नका. आणि स्वतःच्या बाबतीत अंदाज बांधून बसले. पाशामियाँ वाटेत खूप भांडले, आईवरून-बापावरून बोलले, बदनापूरच्या आपल्या मेहुण्याचा दाखला दिला, जो मशीन घालून आता शेतात फवारणी करतो. शेठ खिडकीतून बाहेर बघत राहिले. कसम पलकची घातली होती, तिथं पाशामियाँचे हात बांधले गेले.

घरीदारी सीझनचंच कारण सांगून दिवाळीत शेठ माळा विकत बसले. मधूनमधून डोळ्यांपुढे अंधार यायचा, मग गल्ल्याला धरून थांबायचे. पाशामियाँनी आपलं काम उचलून पत्र्याच्या पुढे, रस्त्याकडे आणलं होतं, शेठ दिसतील असं. त्यांना रोज वाटायचं, आज जालन्याला जावं आणि पोरीच्या कानावर घालावं. एकदा बसस्टँडपर्यंत जाऊन आले. माणूस कसम पाळतो तेव्हा त्याला आपण इमानदार म्हणतो, आणि पाशामियाँनाही तेव्हा तेच वाटलं.

पौर्णिमा झाली. साध्वी चालत अंबडला आल्या आणि स्थानकात उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी संतोषबाईंनी रोजच्यासारखा घरच्यापुरता स्वयंपाक केला, कारण मुद्दाम त्यांच्यासाठी केलेलं त्या घेत नाहीत. गट्ट्याची भाजी मात्र त्या दिवशी घरच्यांना खावीशी वाटली, ती पलकची आवडती होती, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. शेठ पहाटेच आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ओसरीत उभे होते. पाशामियाँना त्यांनी समोरच्या ओट्यावर बसवलं होतं. मोबाईल घरी ठेवून यायला सांगितलं होतं, रस्त्यापलीकडे का होईना.

दोघी आल्या. पुढे गुरुणीजी, मागे उपशमश्री. उन्हाने रापलेली, वाळलेली, पण चाल तीच, स्टुलाकडे निघालेली. संतोषबाईंनी पदर तोंडाला लावला. शेठनी वंदना केली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन फुलका उचलला. पाशामियाँना उघड्या दारातून त्यांचे हात दिसत होते. ते इतके थरथरत होते की फुलका हलत होता. उपशमश्रीने पातरा पुढे केला. तिनेही त्या हातांकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं. फुलका पातऱ्यात पडला. शेठनी दुसरा उचलला, तशी ती म्हणाली, "बस, श्रावकजी." मग नेहमीचा आशीर्वाद, "दया पालो." आणि दोघी पुढच्या घराकडे निघाल्या.

शेठ रस्ता ओलांडून ओट्यावर आले आणि पाशामियाँच्या शेजारी धपकन बसले. घामाने चिंब झाले होते. "घेतली, पाशा," म्हणाले. "माझ्या हातची घेतली. आता कर तुझ्या मनासारखं. उद्या सकाळची गाडी सांग." पाशामियाँ म्हणाले, "आज चल. आत्ता चल." शेठ हसले. "आज न्हाई. आज मला घरी बसू दे. ती आली होती त्या घरात बसू दे मला आज."

जेवून ते आडवे झाले. दुपारच्या चहाला संतोषबाई उठवायला गेल्या, तेव्हा अंग गार पडलं होतं.

अंत्ययात्रा स्थानकावरून गेली. साध्वी बाहेर आल्या नाहीत, त्या येत नसतात. आत ध्यानाला बसल्या आहेत, एवढं कुणीतरी सांगितलं. मागे चालणारे लोक बोलत होते. एक म्हणाला, "शेठचं हार्ट शॉर्ट झालं." पाशामियाँनी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाजूला झाला. पण खरं लागलं ते दुसऱ्याचं. "डॉक्टर तर दसऱ्यालाच सांगून ऱ्हायलता म्हणं. सीझन सोडवला न्हाई. किती कमवावं माणसानं?" उठावण्याच्या बैठकीला तेच. दुकानासमोर तेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे संतोषबाईसुद्धा तेच बोलत होत्या. भेटायला येणाऱ्या बाईच्या गळ्यात पडून म्हणायच्या, "माळांपायी गेला हो माझा माणूस. चार माळांपायी."

पाशामियाँना ते ऐकवेना. दीपचंद आणि लोभी? ज्याने कधी हलकी वायर विकली नाही, तो? मित्राच्या नावाला लागलेलं हे काळं पुसायचं तर कसम मोडावी लागणार होती. त्यांनी ठरवलं, मोडायची. आधी पोरीला सांगायचं, मग भाभींना. बाप धंद्यापायी नाही गेला, तुझ्यापायी थांबला होता, एवढं तिला कळलं तर शेठचं नाव राहील.

सकाळी ते स्थानकाच्या दारात जाऊन उभे राहिले. साध्वींचा त्या दिवशी कुंभार पिंपळगावच्या बाजूला विहार होता, झोळ्या बांधून झाल्या होत्या. एका श्राविकेने आत निरोप दिला. गुरुणीजींच्या मागे उपशमश्री आली आणि उंबऱ्याच्या आत थांबली.

"महाराजसाब, एक बात सांगायची हाय," पाशामियाँ म्हणाले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, तुटलेली वाट, बॅटरी, घड्याळ, लिंबाखालची कसम. बोलताना त्यांनी मान खालीच ठेवली होती. "लोक म्हणून राह्यले सीझनपायी गेला. तसं न्हाई. तुम्हाला रोटी द्यायची होती. त्याच्यासाठी थांबला तो."

मग त्यांनी वर पाहिलं. मुहपत्तीमुळे चेहरा अर्धाच दिसत होता. डोळे त्यांच्यावर नव्हते, बाहेर रस्त्यावर कुठेतरी होते.

"जालन्याला एक म्हातारे श्रावक आहेत," ती हळू म्हणाली. "त्यांच्या छातीत तसलंच यंत्र आहे. चातुर्मासभर मी त्यांच्या हातचं घेतलं. गुरुणीजी म्हणतात, ते काढता येत नाही, ते शरीरच झालं."

गुरुणीजींनी मान हलवून दुजोरा दिला आणि डोळे मिटले.

"हात थरथरत होते," ती म्हणाली. "मला वाटलं आनंदानं." मग तिचा आवाज फुटला, आणि तो साध्वीचा आवाज नव्हता, दप्तर टाकून स्टुलावर चढणाऱ्या पोरीचा होता. "पप्पांनी मला एकदा विचारायचं ना, चाचा. कामून न्हाई विचारलं?"

"डरता था, बेटी," पाशामियाँच्या तोंडून निघून गेलं. "तू न्हाई म्हणशील म्हणून."

गुरुणीजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. जरा वेळाने दोघी पायऱ्या उतरल्या आणि बाकीच्या साध्वींबरोबर चालू लागल्या. पाशामियाँ वेशीपर्यंत मागे गेले. ती एकदाही वळली नाही. वळायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं, तरी सडक मोकळी होईपर्यंत ते उभे राहिले.

तिथून ते सरळ शेठच्या घरी गेले. संतोषबाई ओसरीत बसल्या होत्या. कोनाड्यात चावीचं घड्याळ होतं आणि ते चालू होतं. त्या म्हणाल्या, "सवयीनं मीच चावी देऊन राह्यले, पाशाभाई." मग नेहमीचं सुरू झालं. डॉक्टरने सांगितलं होतं, मी पाया पडले होते, ऐकलं नाही. "तुम्ही तर होतात संगं. तुम्ही सांगा, माळा जास्त झाल्या का हो त्यांना माझ्यापेक्षा?"

पाशामियाँनी तोंड उघडलं. सांगायचं तर आता अर्धं सांगून चालणार नव्हतं. शेठ कशासाठी थांबले ते सांगितलं, की ही बाई पहिला प्रश्न तोच विचारणार, विचारलं का नाही? आणि दुसरा त्याहून वाईट. तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही का नाही सांगितलं? त्या प्रश्नाची त्यांना भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. नवऱ्याच्या लोभावर चिडून ही बाई उभी राहिली आहे. न विचारलेल्या एका शब्दासाठी तो गेला, हे कळलं तर कशाला धरून उभी राहील? रडायला तिच्याजवळ पोरगीही नाही.

मित्राचं नाव धुवायला आलेल्या पाशामियाँनी कोनाड्यातल्या घड्याळाकडे पाहिलं.

"हाव, भाभी," ते म्हणाले. "सीझनच होता. मी लई सांगितलं. ऐकलं न्हाई त्यानं."